कुणाच्या घरची?

“‘घरची’ म्हणजे नक्की कुणाच्या घरची?”

प्रश्न एवढाच होता, पाच शब्दांचा. तो रोवनने आपल्या बापाला विचारायचा होता, आणि तोही रविवारी दुपारी एक वाजता, पब गच्च भरलेला असताना, काउंटरसमोर उभं राहून, खिडकीजवळच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. पैज मेव्हने लावली आणि अटी टिलीने घातल्या. कुजबुजलीस तर धरणार नाही. मध्येच हसलीस तर धरणार नाही. मैत्रिणींनी विचारायला सांगितलं, असं शेपूट जोडलंस तर मुळीच धरणार नाही. जिंकली तर मेव्हचं हिरवं जाकीट महिनाभर रोवनच्या अंगावर, हरली तर टिलीचा गणिताचा गृहपाठ महिनाभर रोवनच्या डोक्यावर.

सुरुवात झाली ती एका पानापासून. मेव्हच्या आजीचा वाढदिवस तीस मैलांवरच्या कुठल्याशा पबमध्ये झाला. तिथे मेव्हने बीफ पाई मागवली. आली ती खोलगट भांड्यात, वर फुगलेलं पापुद्र्यांचं झाकण, आणि झाकणावर पिठाचंच एक पान चिकटवलेलं. पानाला पाच शिरा, टोक डावीकडे मुरडलेलं. मेव्ह चमचा हातात धरून बघतच राहिली. हे पान तिने शंभर वेळा पाहिलं होतं, रोवनचे आईबाप चालवतात त्या व्हीटशीफ पबमध्ये. तिने फोटो काढला. मग टिलीच्या भावाने समुद्रकाठच्या एका पबमधून फोटो पाठवला. तिथेही तेच पान, त्याच पाच शिरा, टोक डावीकडे. तिन्ही पबच्या पाट्यांवर लिहिलेलं एकच: घरची पाई. शाळेच्या बसमध्ये मेव्हने तिन्ही फोटो एकाखाली एक लावून दाखवले आणि म्हणाली, “तीन घरं, एक पान. तुझी आई उडत जाते का गं सगळीकडे?”

रोवन हसली. तिला हे नवीन होतं अशातला भाग नव्हता. दर मंगळवारी सकाळी, शाळेत जायच्या आधी, लॉरी यायची आणि मागच्या अंगणात उभी राहायची. बापाबरोबर खोकी आत नेऊन फ्रीझरमध्ये रचायची ती रोवनच. एका खोक्यात गोठवलेल्या पाईचे चोवीस नग. पण आपण रोज ज्या जिन्यावरून चढतो-उतरतो त्याला पायऱ्या किती, ते कुणी विचारल्याशिवाय आपण मोजत नाही. तसंच हे झालं होतं. खोकं मागच्या दारी, पाटी पुढच्या खोलीत. दोन्ही एकाच वेळी तिच्या डोळ्यांसमोर कधी आलीच नव्हती.

आणि आता तर तिला विचारायचा चस्काच लागला होता. वर्षापूर्वीपर्यंत ही मुलगी गिऱ्हाइकांच्या बुटांशी बोलायची. मान इतकी खाली की कुणाचा चेहरा कसा, ते तिला ठाऊक नसायचं. बूट मात्र सगळे पाठ. जानेवारीत शाळेच्या वादविवादात तिला कुणीतरी ढकलून उभं केलं. गणवेश नको, या बाजूने बोलता बोलता ती मुख्याध्यापकांच्या टायवर असं काही घसरली की सगळं सभागृह हसलं, मुख्याध्यापकसुद्धा. त्या दिवशी तिला आपला आवाज सापडला. तेव्हापासून, नवी शिट्टी मिळालेलं पोर जसं दिवसभर वाजवत फिरतं, तशी ती तो जिथेतिथे वाजवून बघत होती.

व्हीटशीफची पाटी शेकोटीच्या वर होती. अकरा वर्षांपूर्वी गॅरेथ आणि लोरेन ॲशवर्थ यांनी हा पब चालवायला घेतला, तेव्हा गावातल्याच एका रंगाऱ्याने ती पिवळट पांढऱ्या तैलरंगात रंगवली होती. ‘घरची बीफ पाई, चिप्स आणि मटार.’ पुढे भावापुरती जागा कोरी, खडूने लिहायला. रोवनचं अक्षर सरळ, म्हणून ते काम तिच्याकडे. दहा वर्षांची असताना स्टुलावर चढून तिने नऊ पौंड पंच्याण्णव लिहिले होते. मग साडेअकरा झाले. मग एका वर्षात तीनदा स्टूल काढावं लागलं. आता तिथे साडेसोळा पौंड होते. पुसून पुसून ती जागा राखाडी पडली होती, आणि शेजारचे शब्द मात्र काल रंगवल्यासारखे ठसठशीत.

शब्द रंगवले तेव्हा खरे होते. लोरेन पहाटे पाचला उठायची. रोवनला ते सगळं अजून आठवायचं: पिठाने पांढरं झालेलं टेबल, लाटण्याचा आवाज, आणि उरलेल्या पिठाचा उंदीर करून आई तिच्या हातात ठेवायची तो. मग गॅस महागला आणि भट्टी चार-चार तास पेटती ठेवणं परवडेना. मदतीला एक आचारी होता, तो शहरातल्या हॉटेलात निघून गेला. त्यानंतर लोरेनचा उजवा खांदा असा धरला की लाटणं राहिलं बाजूला, केस विंचरायलाही हात वर जाईना. एका मंगळवारी पहिली लॉरी आली. तेवढ्या आठवड्यापुरती, असं ठरलं होतं. त्याला आता चार वर्षं झाली.

रविवारी एक वाजायच्या आधीच एकही टेबल रिकामं नव्हतं. खोलीभर ओल्या कोटांचा आणि ओल्या कुत्र्यांचा वास. खिडकीजवळ मेव्ह आणि टिली दोघींत मिळून चिप्सची एक बादली घेऊन बसल्या होत्या. बादली म्हणजे पत्र्याची, हाताच्या पंजाएवढी, कडीसकट. पूर्वी चिप्स ताटातच यायचे. बादलीत यायला लागल्यापासून ते पौंडाने महागले होते आणि आठ-दहाने कमी झाले होते. टिलीने एक चिप उचलून रोवनला लांबूनच दाखवला आणि घड्याळावर बोट ठेवलं.

रोवनच्या हातात ताटं होती. डाव्या हातावर दोन, उजव्यात एक. काम तिला झोपेतही जमलं असतं. ताटं ठेवायची, चटण्यांच्या बाटल्या सरकवायच्या, मागे फिरायचं आणि मोजत राहायचं. हे बापाने शिकवलेलं. गिऱ्हाइकाचे दोन घास झाले की टेबलापाशी जायचं आणि विचारायचं, सगळं ठीक आहे ना? एका घासाला गेलं तर लवकर होतं, तिसऱ्याला गेलं तर उशीर. दुसऱ्या घासाला माणसाच्या तोंडात घास असतो, मग तो मान हलवतो आणि म्हणतो, फार छान, थँक यू. सगळेच म्हणतात. मांस चामड्यासारखं असलं तरी म्हणतात, मटार मधोमध थंड असले तरी म्हणतात. गॅरेथला याचा केवढा अभिमान. अकरा वर्षांत एक ताट परत आलेलं नाही, असं तो नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा.

ताटं परत येतच होती. फक्त ती मागच्या दाराने, रोवनच्या हातून, अर्धी भरलेली यायची आणि मोठ्या डब्यात खरवडली जायची.

स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या छोट्या टेबलावर आर्नल्ड एंटविसल बसले होते. निवृत्त बस ड्रायव्हर, वय अठ्ठ्याहत्तर. प्रार्थना आटोपून दर रविवारी टाय लावून यायचे. बायको शीला होती तोवर दोघं यायची, आता एकटे. मागणी ठरलेली, एक पाई आणि कडू बियरचा अर्धा ग्लास. पाई आली की ते सुरीने झाकण अलगद उचलायचे, पानासकट ताटाच्या कडेला ठेवायचे आणि खालचा रस्सा तेवढा चमच्याने प्यायचे, सूप प्यावं तसा. रोवनने विचारलं, तेव्हा ते फार छान म्हणाले.

एकला दोन मिनिटं होती. रोवन रिकामे ग्लास घेऊन काउंटरशी आली आणि ग्लास खाली ठेवले. गॅरेथ पंपाचा दांडा ओढून कुणासाठी तरी बियर भरत होता, डोळे फेसावर. त्याच्या मागे स्वयंपाकघराची खिडकी, त्या खिडकीत लोरेन, डाव्या हाताने ताटं पुढे सरकवणारी. रोवनने वादविवादाच्या वेळी घेतला होता तसा श्वास घेतला.

“बाबा, त्या पाटीवर ‘घरची’ लिहिलंय. ‘घरची’ म्हणजे नक्की कुणाच्या घरची?”

आवाज सुरेख लागला. खिडकीपर्यंत गेला, आणि तिथून परत आला असावा असं वाटलं, कारण खोलीतलं बोलणं एकाएकी थांबलं. कुणी मान वळवली नाही. त्या गावात असं काही झालं की लोक आपापल्या ग्लासात बघतात. गॅरेथने दांडा सोडला. ग्लासातून फेस ओघळून त्याच्या बोटांवर आला. त्याने तो पुसला नाही.

“आपल्याच घरची, राणी,” तो म्हणाला. “तुला काय वाटलं, राजवाड्यातून येते?”

लोक हसले, सुटका झाल्यासारखे. आणि ते हसू विरतंय न विरतंय तोच खिडकीतून आवाज आला, टिंग. मायक्रोवेव्हचा.

तो सगळ्यांनी ऐकला. तोही सगळ्यांनी ग्लासात बघतच ऐकला. मग कुत्रा घेऊन बसलेल्या एक बाई म्हणाल्या, इथली पाई छानच असते हो. शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, अगदी छान. ते छान या टेबलावरून त्या टेबलावर गेलं, मिठाची डबी फिरते तसं, ज्याने त्याने थोडंसं शिंपडून पुढे दिलं. शेवटी आर्नल्डनी चमचा खाली ठेवला आणि खिडकीकडे बघत मोठ्याने म्हणाले, “लोरेनच्या हाताला चव आहे. पहिल्यापासूनच आहे.”

लोरेन रोवनकडे बघत होती. रागाने नाही. शेवटची बस समोरून निघून गेल्यावर माणूस घरापर्यंतच्या रस्त्याचा अंदाज घेतो, तसं काहीतरी तिच्या तोंडावर होतं. तिने दोन ताटं पुढे सरकवली आणि पाठ फिरवली.

टिली बाहीत तोंड खुपसून हसत होती. मेव्ह हसत नव्हती. तिने जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर घातलं आणि जाताना तिथेच ठेवून गेली. रोवन चारदा त्या टेबलाजवळून गेली. बादली उचलली, टेबल पुसलं. जाकिटाला हात लावावासा वाटला नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांनी मिळून झाकलं होतं. बापाला उघडं पाडायला ती गेली, आणि खोलीभर लोकांनी आपापले कोट काढून त्याच्यावर टाकले, तिच्यासमोर. हे वादविवादात कुणी शिकवलं नव्हतं.

साडेतीनपर्यंत पब रिकामा झाला. आर्नल्ड तेवढे बसून होते. ते नेहमीच सगळ्यांत शेवटी उठायचे. रोवन त्यांचं भांडं उचलायला गेली आणि सवयीने विचारलं, सगळं ठीक होतं ना. सवयीनेच उत्तर आलं, फार छान, पोरी.

ती निघाली, चार पावलं गेली आणि परत फिरून त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत शीला गेल्यापासून कुणी बसलं नव्हतं.

“आर्नल्ड, भांडं माझ्या हातात आहे. वजन कळतंय मला.”

ते खांदे हलवून आवाज न करता हसले. “तू मघाशी विचारलंस ते बरं नाही केलंस.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्यांना माहीत आहे. लॉरी काय लपूनछपून येते? मंगळवारी मी पेपर आणायला निघतो, तेव्हा तिला वळसा घालून जावं लागतं.”

“मग तुम्ही आईच्या हाताचं कौतुक का केलंत?”

“ती खिडकीत उभी होती,” आर्नल्ड म्हणाले.

रोवनने भांडं परत टेबलावर ठेवलं. आर्नल्डनी ताटाच्या कडेला ठेवलेलं झाकण बोटाने फिरवलं, पान वर आलं. लोरेनची पाई कशी असायची ते सांगायला लागले. तिला तळ होता. खाली पीठ, बाजूंनी पीठ, वर पीठ. भांड्यातून काढून ताटात ठेवली तरी आपल्या पायांवर उभी राहायची. रस्सा तळात मुरायचा आणि तो तळ शेवटी खायचा, शीला तर आपला वाटा वाचवून ठेवायची. “आणि हे काय आहे? वाटीभर रश्शाला टोपी घातलीय,” ते म्हणाले. “रश्शाला घातली आणि आपल्यालाही घातली.”

रोवन हसली, पण ते हसत नव्हते. त्यांनी दरवाजाकडे बघून आवाज खाली आणला. पुढच्या रविवारपासून ते येणार नव्हते. साडेसोळा पौंड दर आठवड्याला पेन्शनीतून निघत नाहीत, आणि निघाले तरी अर्धं ताट टाकून उठायला जिवावर येतं, शीलाने असं कधी टाकू दिलं नसतं. बहिणीकडे जेवायला जातो, असं ते लोरेनला सांगणार होते. बहीण ब्लॅकपूलला राहते आणि आयुष्यात तिने कुणाला जेवायला बोलावलेलं नाही, पण लोरेनला ते कुठे ठाऊक आहे. रोवनने ही गोष्ट पोटात ठेवायची होती.

“मी काही पाई खायला येत नाही गं. इथे बसायला येतो. घरी माझ्याकडे बरं सूप आहे, पण दोन घास झाले की ते ठीक आहे ना, असं विचारायला घरी कुणी येत नाही.” त्यांनी खुर्चीवरचा कोट घेतला, एक बाही चढवली आणि थांबले. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून वास यायला लागला होता. “हा बघ. दर रविवारी याच वेळेला येतो हा वास, भाजलेल्या चीजचा. त्यासाठी मी कोट मुद्दाम सावकाश घालतो. काय असतं ते? पाटीवर तर कधी दिसलं नाही.”

“ते आमचं जेवण,” रोवन म्हणाली.

“हं. वाटलंच मला,” आर्नल्ड म्हणाले. दुसरी बाही चढवायला त्यांनी बराच वेळ घेतला. मग टोपी घातली आणि निघाले.

स्वयंपाकघरात लोरेन ग्रिलपुढे उभी होती. जाड कापलेल्या पावावर भुसभुशीत लँकशर चीज, बारीक चिरलेला कांदा, मोहरीची तिखट चटणी, आणि वरून काळ्या बियरचा एक घोट. ते बुडबुडे येऊन कडेला तपकिरी होईपर्यंत ती तिथून हलायची नाही. सगळं डाव्या हाताने. रविवारची गर्दी ओसरली की तिघं हेच खायची, बियरच्या उपड्या क्रेटवर बसून. व्हीटशीफच्या ॲशवर्थ मंडळींनी आपल्या पाटीवरची पाई चार वर्षांत एकदाही खाल्ली नव्हती. ठरवून नाही. कुणाला तसं कधी वाटलंच नव्हतं.

गॅरेथने बूट काढून पाय फरशीवर टेकवले होते. सकाळी नऊपासून तो उभा होता. रोवनने समजूत करून घेतली होती की आता ओरडा बसणार. ओरडणं बापाला जमलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

“पैज होती ना?” त्याने विचारलं. “काय लागलं होतं?”

“मेव्हचं जाकीट.”

“होतंय का अंगाला?”

“घेतलं नाही मी.”

त्याने मान हलवली आणि टोस्टचा तुकडा मोडला. मग खाता खाता, कुणी न विचारता, बोलत राहिला. इमारत आपली नाही, ज्या कंपनीकडून पब चालवायला घेतलाय तिची आहे. बियर कंपनी देईल तीच आणि ती सांगेल त्या भावाने. भाडं वर्षाला वाढतं. गिऱ्हाईक म्हणतं, साडेसोळा पौंड म्हणजे लूट आहे, आणि म्हणत नाही तेव्हाही त्याच्या तोंडावर दिसतं. शेजारच्या गावातले दोन पब गेल्या हिवाळ्यात बंद झाले, एकात आता पलंग-गाद्यांचं दुकान आहे. आवाजात चीड नव्हती. पाठ केलेलं काहीतरी तो पुन्हा एकदा म्हणत होता. “साडेसोळातले माझ्या हातात किती उरतात, ते विचारायची पैज लावा कधीतरी. आणि तो शब्द काढला तर साडेसोळा उभे कशावर राहतील, ते सांग मला. नुसत्या पाईला कोण देतं एवढे? अकरा वर्षांत एक ताट परत आलेलं नाही, रोवन.”

“येतात ना बाबा. मीच खरवडते की ती. आज आर्नल्डचं खरवडलं, निम्म्याहून जास्त.”

गॅरेथ तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, याला खरंच ठाऊक नव्हतं की काय. मग त्याने डोळे वळवले आणि तिला कळलं, होतं.

लोरेन ग्रिलकडे तोंड करूनच बोलली. “मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, पुसून टाक.”

“तैलरंग आहे तो, लोरेन. पुसला जात नाही.”

“हो. तेव्हाही हेच म्हणाला होतास.” तिने ग्रिल बंद केलं. शेवटचा टोस्ट बशीत घेऊन ती क्रेटवर बसली, आणि बसल्यावर खांदा दाबत थोडी थांबली. “कुणी खिडकीतून डोकावून म्हणालं ना, लोरेन, पाई छान झालीय, की मी खाली वाकते. काहीतरी पडलंय असं दाखवते. चार वर्षं मी त्या फ्रीझरखाली काहीतरी शोधतेय.”

फ्रीझर गुरगुरत होता. गॅरेथने हातातला तुकडा तोंडात न घालता बशीत ठेवला.

रोवनच्या मनात दुपारपासून एक झकास भाषण तयार होत होतं. त्यात सत्य होतं, ग्राहकांचा हक्क होता, शेवटी एक टाळी घेणारं वाक्यही होतं. ते तिने आठवून बघितलं. या खोलीत, या दोघांपुढे, त्यातला एक शब्दही उच्चारण्यासारखा नव्हता. तिच्या बशीत टोस्ट होता, कडेला तपकिरी, मधे अजून हलकेच फुगणारा. तिने घास घेतला. जीभ भाजली. दुसरा घेतला. तळ चांगला कुरकुरीत होता, बियर पावात मुरली होती आणि तरी पाव हातात धरला तर वाकत नव्हता.

दोन घास झाले, तिच्या लक्षात आलं.

“आई,” ती म्हणाली, “हे फार छान झालंय.”

लोरेन खाली वाकली नाही. “चीज जरा जास्त झालं,” ती म्हणाली.

रोवन उठली. बशी हातातच होती. आवाज सभागृहातला नव्हता, घरातलाच होता, आणि तो आपोआप तसा लागला.

“उद्या शाळेतून आले की मी शिडी लावणार आहे. रंगाऱ्यांची पत्र्याची पट्टी असते ना, तिने तो शब्द खरवडून काढणार. नुसती बीफ पाई राहू दे. भाव काय लिहायचा तो तुम्ही दोघं ठरवा, पण त्या शब्दाशेजारी मी यापुढे खडू टेकवणार नाही.”

गॅरेथने तोंड उघडलं. तिने बशी थोडी वर केली, थांब म्हणावं तशी.

“खाली जागा आहे पाटीवर. तिथे मी लिहिणार, चीज-टोस्ट, घरचा, पाच पौंड. कुणाच्या घरचा असं कुणी विचारलंच, तर मी आईकडे बोट दाखवेन.”

“पाच पौंडांचा टोस्ट खायला पबमध्ये कोण येणार?” बापाने विचारलं. भांडायचा सूर नव्हता. त्याला बहुतेक खरंच जाणून घ्यायचं होतं.

“एक गिऱ्हाईक आहे. नाव सांगणार नाही, तसा शब्द दिलाय. निरोप मात्र मी स्वतः नेणार, शनिवारच्या आत,” रोवन म्हणाली. “आणि पुढच्या रविवारपासून हे आपण चारला नाही भाजायचं, एकला भाजायचं. मी ठरवलंय.”